लढाईत किती गेले, किती जखमी झाले: बटालियनच्या इतिहासासाठी आकडे कसे जमवायचे

नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची फौज यांच्यात लढाई झाली, तिच्याबद्दल वाचायला घेतलं की एक आकडा येतोच, ३६७. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७. आता दोन-तीन जणांनी कॉपी करताना त्यातलं "जखमी मिळून" गाळलं की "३६७ इंग्रज मेले" असं वाक्य तयार होतं, आणि मग ते भाषणात, शाळेच्या निबंधात, व्हॉट्सअॅपवर सगळीकडे फिरतं. आणि त्यातले बहुतेक शिपाई इंग्रज नव्हतेच, मद्रास आणि बंगालच्या फौजेतले देशी लोक होते. भोसल्यांच्या बाजूचे, त्यांच्याकडच्या अरब शिपायांचे किती पडले हे असं नेमकं कुठे सापडत नाही, कारण मोजणी जिंकलेल्यांनी केली आणि आपल्या माणसांची केली.

हे आधी सांगून राहिलो कारण सध्या बऱ्याच बटालियन आपला इतिहास लिहून राहिल्यात, इकडे कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, वायुसेना नगरला वायुसेनेची मेंटेनन्स कमांड आहे, रिटायर्ड लोक नागपुरात भरपूर, त्यामुळे कोणी ना कोणी पोरगा किंवा एखादे सुभेदार साहेब विचारतातच की काका, शहीद-जखमींचे आकडे कुठून घ्यायचे. रेकॉर्डच्या कागदांत माझं आयुष्य गेलं म्हणून जे माहीत आहे ते एका जागी लिहून देतो.

सगळ्यात पहिली गोष्ट, टोटल कुठूनच घेऊ नका. ना जुन्या पुस्तकातून, ना स्मारकाच्या पाटीवरून, ना सीओ साहेबांच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, भाषणातून. काम एका नावापासून सुरू करायचं, मग दुसरं नाव, मग तिसरं, आणि टोटल ही सगळ्यात शेवटी आपोआप येणारी गोष्ट आहे. एक माणूस म्हणजे एक ओळ. एक्सेल उघडा, नाही जमत तर लांब रजिस्टर घ्या, पण नावाशिवाय ओळ नको. ज्याचं नाव सापडत नाही पण माणूस होता हे नक्की आहे त्याचीसुद्धा ओळ करा आणि नावाच्या जागी "नाव शोधायचं आहे" असं लिहा, म्हणजे ती जागा डोळ्यांत सलत राहील.

नावाचा एवढा आग्रह का ते सांगतो. पहिल्या महायुद्धात आपले साधारण ७४ हजार जवान गेले असं धरतात. दिल्लीच्या इंडिया गेटचा आकडा मात्र ८४ हजारांच्या आसपासचा, कारण तिथे १९१४ ते १९२१ असा काळ धरलाय आणि तिसरं अफगाण युद्धही त्यात येतं. आणि कमानीवर कोरलेली नावं किती, तर तेरा हजारांच्या घरात. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं होती, पण साध्या हिंदी शिपायांचा प्रत्येक रेजिमेंटखाली नुसता आकडा, "आणि इतके इतर शिपाई". मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, उन्हात मेलेला शिपाई आणि त्याच्या नावाची जागाच नाही. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननेच २०२१ मध्ये रिपोर्ट काढून मान्य केलं की आशिया-आफ्रिकेतल्या कमीत कमी १ लाख १६ हजार लोकांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतची, नावानिशी नोंद झालीच नाही किंवा स्मारकच झालं नाही. ज्यांची नावं त्या वेळी लिहिली गेली नाहीत ती शंभर वर्षांनी शोधायला किती जड जातंय ते बघा. म्हणून ज्या लढाईतली माणसं अजून जिवंत आहेत तिची नावं आज लिहून काढा.

आता रजिस्टरचे रकाने. हे काम सुरू करायच्या आधी ठरवा, नंतर नाही. लढताना जागेवरच गेला, जखमी होऊन नंतर दवाखान्यात वारला, त्याच मोहिमेत पण आजाराने, हिमस्खलनात किंवा गाडी दरीत जाऊन गेला, जखमी झाला, बेपत्ता, कैद झाला. हे सहा रकाने वेगळे, आणि प्रत्येक माणूस शेवटी एकाच रकान्यात बसला पाहिजे. जखमी होऊन चौथ्या दिवशी दवाखान्यात वारलेला जवान युनिटच्या यादीत जखमींमध्ये असतो आणि दवाखान्याच्या यादीत मृतांमध्ये असतो, दोन्ही याद्या जोडल्या की एका माणसाचे दोन होतात. आकडे फुगतात ते बहुतेक इथेच. दुसरं फुगण्याचं ठिकाण म्हणजे अटॅच आलेली, म्हणजे दुसऱ्या युनिटमधून तात्पुरती जोडलेली माणसं, इंजिनिअर्सचा सॅपर तुमच्या कंपनीबरोबर होता आणि मेला तर तुम्ही पण मोजता आणि त्याची पॅरेंट, म्हणजे मूळ, युनिट पण मोजते, तर त्याच्या ओळीत पॅरेंट युनिट आणि कोणाच्या हाताखाली होता हे दोन्ही लिहा आणि टोटल करताना एकाच बाजूला धरा.

बाहेरचं एक उदाहरण देतो कारण ते फार मोठ्या लोकांच्या हातून घडलंय. कोरियाच्या युद्धात अमेरिकेचे ५४,२४६ सैनिक मेले असं कित्येक वर्षं छापून येत होतं, वॉशिंग्टनच्या स्मारकावरसुद्धा तोच आकडा कोरलाय. नंतर कळलं की त्यात त्या तीन वर्षांत जगभरात कुठेही, अगदी अमेरिकेतल्याच छावणीत अपघाताने गेलेलेही धरले होते. प्रत्यक्ष कोरियाच्या रणभूमीवरचा आकडा साडेछत्तीस हजारांच्या आसपास निघाला. कोणी खोटं बोललं नव्हतं, फक्त "कुठे" हा रकाना टोटलमध्ये हरवला होता. तर तुमच्या पहिल्या पानावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणता इलाका हे ठळक लिहा. वॉर ग्रेव्हजवाले दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ धरतात, म्हणजे लढाई संपल्यावरची दोन वर्षंही त्यांच्या आकड्यात येतात, आणि तुम्ही ऑगस्ट १९४५ ला थांबलात तर तुमचा आकडा कमी येणारच, घाबरायचं कारण नाही, फक्त कारण लिहून ठेवायचं.

आणि आपल्या आर्मीत बॅटल कॅज्युअल्टी (ढोबळपणे लढाईतली) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (बाकीची) असे दोन वर्ग आहेत, कशाला कोणत्या वर्गात टाकायचं याचे नियम २००३ च्या आर्मी ऑर्डरमध्ये आहेत, त्याआधीचे आदेश वेगळे होते. त्यामुळे तशाच प्रकारे गेलेले दोन जवान, एक आधीच्या काळातला आणि एक नंतरच्या, वेगवेगळ्या वर्गात सापडू शकतात. इतिहास लिहिणाऱ्याने यात स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही. एका रकान्यात प्रत्यक्ष काय झालं ते साध्या शब्दांत आणि शेजारच्या रकान्यात सरकारी वर्गीकरण काय झालं ते, बस.

आता कागद. कोणता कागद काय सांगतो आणि कुठे कमी पडतो हे समजलं की अर्धं काम झालं समजा.

वॉर डायरी, म्हणजे युनिटची लढाईतली रोजनिशी, सगळ्यात जवळची, त्या दिवशीची, पण ती लिहिणारा स्वतः लढाईत असतो, रात्री उशिरा किंवा दोन दिवसांनी बसून लिहितो, तेव्हा "१२ गेले, ३० जखमी, ७ चा पत्ता नाही" असं लिहिलेलं असतं, ते त्या क्षणाचं चित्र आहे, शेवटचा हिशेब नाही. कॅज्युअल्टी सिग्नल, म्हणजे गेलेल्या-जखमींची वरती पाठवलेली तातडीची खबर, तर अजून घाईचा. त्यानंतर पार्ट टू ऑर्डर. ज्याला फौजेचा कागद माहीत नाही त्याला सांगतो, युनिटमधल्या माणसांच्या आयुष्यातलं जे काही बदलतं ते पार्ट टू ऑर्डरमध्ये येतं, कोणाचं लग्न झालं, कोणाला पोरगी झाली, कोण रजेवरून परत आला, कोणाची बढती, आणि त्याच रांगेत, त्याच टाइपरायटरच्या अक्षरात, कोण कधी कुठे वारला. हा कागद माझ्या मते सगळ्यात भरवशाचा कारण यावर पगार आणि पेन्शन अवलंबून असते, चूक राहिली तर घरचे लोक किंवा हिशेबवाले ओरडतात आणि दुरुस्तीची ऑर्डर निघते. म्हणून फक्त पहिली ऑर्डर पाहून थांबू नका, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या ऑर्डरींमध्ये ती रद्द किंवा दुरुस्त झाली का ते पाहा.

मग दवाखान्याचं अॅडमिशन-डिस्चार्ज रजिस्टर, जखमा होऊन नंतर गेलेले इथेच सापडतात. आणि रेकॉर्ड ऑफिसचा लाँग रोल. जवानाची बाकी कागदपत्रं ठराविक मुदतीनंतर नष्ट केली जातात, पण लाँग रोल कायम ठेवतात, एका ओळीत भरती कधी, नंबर काय, सेवेतून कसा आणि कधी गेला. कोणी सांगितलं की कागद जळाले, फाडले, आता काही नाही, तर नम्रपणे लाँग रोल मागा. पेन्शनचा कागदही कामाचा, घरी लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन लागली असेल तर सरकारने त्याला लढाईतला मृत्यू मानलाय, स्पेशल फॅमिली पेन्शन असेल तर सेवेमुळे आलेला पण लढाईबाहेरचा मृत्यू मानलाय. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं तेव्हा तिथे स्वातंत्र्यानंतरची २५,९४२ नावं होती, ती यादी ताडून पाहायला फार उपयोगी, पण तीच उचलून आपली यादी म्हणू नका, ताडण्यासाठी दोन स्वतंत्र याद्या लागतात.

समजा एक शिपाई आहे. वॉर डायरीत १८ तारखेला बेपत्ता. सिग्नलमध्ये त्याचं नाव शेवटचं अक्षर बदलून आलंय. दवाखान्याच्या रजिस्टरात २४ तारखेला पोटाच्या जखमेने मृत्यू, नंबर बरोबर पण युनिट चुकीचं. पार्ट टू ऑर्डरमध्ये मृत्यू २४ तारीख. गावच्या स्मारकावर १८ तारीख, कारण घरी पहिली तार बेपत्ताची आली होती आणि घरच्यांसाठी तोच दिवस. आता हा एक माणूस आहे, घाईने काम केलं तर दोन होतात, एक बेपत्ता आणि एक मृत. रजिस्टरमध्ये चारही तारखा लिहायच्या, कोणत्या कागदात कोणती ते लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात "जखमी होऊन मृत्यू, २४ तारीख, दवाखाना आणि पार्ट टू ऑर्डर दोन्ही जुळतात म्हणून". कारण लिहिलेलं असलं की दहा वर्षांनी दुसरा कोणी उघडून तपासू शकतो.

माणूस ओळखायचा तो नंबरवरून, नावावरून नाही. आपल्याकडची आडनावं इंग्रजीत टाइप करताना वाघमारे, मेश्राम, उईके, कोणाचं काय होईल सांगता येत नाही, आणि जुन्या कागदांत तर आडनावच नसतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव. एकाच कंपनीत त्याच नावाचे तीन-चार असतात. आर्मी नंबर मात्र त्या एकाचाच, शेवटच्या अक्षरासकट उतरवा. फक्त एक लक्षात ठेवा, जवान जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) झाला किंवा जेसीओचा अधिकारी झाला की नंबर बदलतो, त्यामुळे जुना-नवा दोन्ही नंबर एका ओळीत.

पत्त्यांचं आपल्या विदर्भात वेगळंच आहे. १९५६ च्या आधीच्या कागदावर "मध्य प्रांत" किंवा "मध्य प्रदेश" दिसलं म्हणून तो जबलपूरचा समजू नका, तो काटोलचा असू शकतो. गडचिरोली १९८२ ला चांद्यातून, म्हणजे चंद्रपुरातून, वेगळा झाला, गोंदिया १९९९ ला भंडाऱ्यातून. म्हणजे १९७१ चा आमगावचा जवान कागदावर भंडारा जिल्ह्याचा आहे आणि आजच्या गोंदियाच्या यादीतही आहे. जिल्हावार आकडे देणार असाल तर त्या वेळचा जिल्हा आणि आजचा जिल्हा असे दोन रकाने करा, नाहीतर भंडारा आणि गोंदिया दोघांच्याही यादीत तो मोजला जाईल.

आता एक तपासणी जी फार कमी लोक करतात आणि मला फार आवडते. हजेरीचा हिशेब. समजा लढाईच्या आदल्या दिवशी कंपनीची हजेरी ११८. मधल्या तीन दिवसांत ६ माणसं नवीन आली. आजारी म्हणून मागे पाठवलेले ९. लढाईनंतरच्या हजेरीला ७१. तर ११८ अधिक ६ म्हणजे १२४, त्यातून मागे पाठवलेले ९ वजा, उरले ११५, हजर ७१, म्हणजे ४४ माणसांचा हिशेब द्यायचाय. तुमच्या यादीत गेलेले, मागे नेलेले जखमी, बेपत्ता आणि कैद मिळून ४१ नावं असतील तर तीन माणसं कुठेतरी आहेत. रजेवर असतील, ब्रिगेडला ड्युटीवर असतील, किंवा खरंच तुमच्या यादीतून सुटलेत. ते तीन सापडेपर्यंत त्या कंपनीचं पान बंद करू नका. जहाजावरही तेच, ९ डिसेंबर १९७१ ला नौदलाची युद्धनौका खुकरी बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ खलाशी, एकूण १९४ गेले, तर असा आकडा नक्की करायला त्या दिवशी जहाजावर नेमकं कोण होतं, कोण रजेवर किनाऱ्यावर होतं, कोण तात्पुरतं चढलं होतं हे आधी लागतं.

हजेरीचा आकडा नक्की नसला की काय होतं ते चीनच्या युद्धातल्या, लडाखमधल्या रेझांग लाचं पाहा. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी. कुठे १२० पैकी ११४ गेले असं वाचाल, कुठे १२४ पैकी ११०. बर्फामुळे देह सापडले तेच १९६३ च्या फेब्रुवारीत. त्या माणसांच्या शौर्यात यामुळे तसूभरही फरक पडत नाही, पण इतिहास लिहिणाऱ्याने हे चार-सहाचं अंतर म्हणजे खरोखरची चार-सहा माणसं आहेत हे डोक्यात ठेवलं पाहिजे, त्यांची घरं आहेत.

१९६२ चेच एकूण आकडे घ्या, १,३८३ मृत, १,६९६ बेपत्ता, ३,९६८ कैद. इथे बेपत्ता हा रकाना सगळ्यात अवघड. बेपत्ता ही माणसाची शेवटची अवस्था नसते, तो नंतर परत येतो, कैदेत सापडतो, देह सापडतो, किंवा काही काळाने मृत मानला जातो. १९६३ मध्ये कैदी परत आले तेव्हा बेपत्ता यादीतलं कोण कुठे बसलं हे एकेका नावाने पाहावं लागतं, मृत आणि बेपत्ता सरळ जोडून ३,०७९ म्हणणं तेव्हाच बरोबर जेव्हा प्रत्येक ओळ बंद झालीय. १९७१ च्या ५४ बेपत्ता लोकांच्या घरच्यांनी तर कित्येक वर्षं वाट पाहिली. अशा ओळीत "मृत" असं स्वतःच्या मनाने कधीच लिहू नका, "मृत मानले, अमुक आदेशाने, अमुक तारखेला" असंच लिहा.

घरी जायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून किंवा गावच्या माजी सैनिकांमधून जा, सरळ फोन करून "तुमचे मिस्टर कधी शहीद झाले" असं विचारू नका बाप्पा. वीरनारी, म्हणजे गेलेल्या जवानांच्या बायका, म्हाताऱ्या झाल्यात आता, आजी म्हणा, मावशी म्हणा, चहा घ्या, आधी तो माणूस कसा होता ते ऐका, कोणत्या साली भरती झाला, शेवटचं पत्र कुठून आलं होतं. पेटीतला कागद त्या स्वतःहून काढतात. तार असते, पेन्शनचा कागद असतो, कमांडिंग ऑफिसरचं पत्र असतं, आणि त्या पत्रात कित्येकदा कसा आणि कुठे गेला हे वॉर डायरीपेक्षा जास्त खुलासेवार लिहिलेलं असतं, जरी दुःख हलकं करायला काही गोष्टी मऊ केलेल्या असल्या तरी. कागदाचा फोटो तिथेच काढा, मूळ कागद घेऊन जाऊ नका, "झेरॉक्स काढून आणून देतो" म्हणूनसुद्धा नाही. आणि घरच्यांना जे सांगितलं गेलंय त्यापेक्षा वेगळं तुम्हाला कागदात सापडलं, तर ते त्या खोलीत बोलायचं नाही, आधी रेजिमेंटशी बोला.

शत्रूचे आकडे थोडक्यात. आपल्या बाजूने केलेला "इतके मारले" हा दावा दावा म्हणूनच छापा. खरा आकडा त्यांच्याच कागदातून येतो आणि उशिरा येतो. कारगिलमध्ये आपले ५२७ गेले, १,३६३ जखमी, हे आपण सांगितलं. पाकिस्तानी आर्मीने २०१० मध्ये स्वतःच्या वेबसाइटवर ४५३ नावं टाकली, अकरा वर्षांनी. ती यादीही पूर्ण असेलच असं धरू नका, पण नावं असल्यामुळे ती तपासता येते, दाव्याचं तसं नाही. मदतीला असलेली मित्रफौज आणि साधे नागरिक यांचे तक्ते पूर्ण वेगळे ठेवा.

कागद मिळायचा मार्ग आता पूर्वीपेक्षा बरा आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण काढलं, त्यानुसार वॉर डायऱ्या, ऑपरेशनची रेकॉर्डबुकं वगैरे मंत्रालयाच्या हिस्ट्री डिव्हिजनकडे द्यायची, साधारण २५ वर्षांनी खुली करायची, युद्ध किंवा मोहीम संपल्यावर दोन वर्षांत समिती आणि पाच वर्षांत इतिहास तयार. पत्र लिहाल तेव्हा या धोरणाचा उल्लेख करा, युनिट, तारखा आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहा. "१९७१ ची सगळी माहिती द्या" असं लिहिलं तर उत्तर येत नाही.

सगळ्या ओळी भरल्या की मग टोटल करा आणि मगच जुन्या छापील आकड्याशी लावून पाहा. १९७१ साठी सरकारी आकडा ३,८४३ मृत आणि ९,८५१ जखमी असा आहे, त्यात तुमच्या बटालियनचा वाटा जुन्या पुस्तकात ३६ असेल आणि तुमची नावं ३८ भरली तर दोन नावं काढून ३६ करू नका, आणि जुनं पुस्तक चूक असंही छातीठोक लिहू नका. ते दोन कोण हे शोधा. बहुतेक वेळा एक दवाखान्यात उशिरा वारलेला असतो आणि एक अटॅच आलेला. तळटीप द्या, "जुन्या आकड्यात हे दोघे नाहीत, कारण अमुक". जखमींच्या बाबतीत एवढी नेमकी टोटल होत नाही, किरकोळ जखमेला पट्टी बांधून परत मोर्च्यावर गेलेला कुठे मोजला जातो कुठे नाही, आणि एकच माणूस दोनदा जखमी होतो, तर तिथे "कमीत कमी इतके" असं लिहा आणि माणसं मोजलीत की जखमा मोजल्यात ते सांगा.

प्रत्येक ओळीला एक खूण द्या, दोन स्वतंत्र कागद जुळले तर अ, एकच कागद असेल तर ब, फक्त आठवण किंवा स्मारक असेल तर क. पुस्तकात टोटलच्या खाली तिन्ही वेगळे छापा. रोल ऑफ ऑनर, म्हणजे गेलेल्यांच्या नावांची यादी, छापायला जायच्या आधी नावं मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे घरच्यांकडून तपासून घ्या, प्रूफ पाहायला असा माणूस द्या ज्याने ती यादी बनवलेली नाही. "ही यादी अमुक तारखेपर्यंतच्या कागदांवरून" हे पहिल्या पानावर टाका, खाली रेजिमेंटचा पत्ता द्या, आणि रजिस्टरची एक प्रत सेंटरच्या लायब्ररीत अन् एक रेकॉर्ड ऑफिसात ठेवा, कारण पुस्तक निघाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या गावाहून पत्र येतंच की आमच्या वडिलांचं नाव राहिलं, आणि तेव्हा ती ओळ कुठे टाकायची हे रजिस्टर उघडूनच ठरवावं लागतं.